बारावा दाखला

आमच्या घरात पावती हा चेष्टेचा विषय आहे. आमच्या मंडळाची मी कितीतरी वर्षं खजिनदार होते, आणि गणपतीच्या वर्गणीपासून हळदीकुंकवाच्या फुलांपर्यंत पावती दिल्या-घेतल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पर्समध्ये एखाद वेळी कंगवा नसेल, पण रेव्हेन्यू स्टॅम्प हटकून असायचे. नवरा म्हणायचा, "हिला न्यायला यम आला तरी ही आधी त्याच्याकडे पोच मागेल." मागेन की! हसा खुशाल. पण मी आयुष्यात घेतलेली सगळ्यात महत्त्वाची पावती आज माझ्याजवळ नाही, आणि नाही तेच बरं आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, आम्ही कन्नड मुलखात, मल्लेश्वरममध्ये भाड्याच्या घरात. सगळा जन्म दुसऱ्याच्या भिंतींना खिळे मारू की नको विचारत काढल्यावर अखेर शहराच्या उत्तरेला एक साइट, म्हणजे प्लॉट, घेतली आणि बांधकाम काढलं. देखरेख माझ्याकडे, कारण नवऱ्याला ऑफिस आणि मला जीभ. रोज सकाळी डबा घेऊन बसनं साइटवर जायचं आणि मेस्त्रीशी भांडायचं.

एके सकाळी देवनहळ्ळीच्या पलीकडच्या खाणीतून खडीची लॉरी आली. ड्रायव्हरनं न बघता मागचं फळकूट उघडलं, खडी घरंगळली, आणि वरून एक बाई कडाडली, "आरं ए! डोळं हायती का बटणं? माणसं हायती की हितं वर!"

ड्रायव्हरला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार, पण तो पार ओशाळला. मी मात्र उडालेच. पंधरा वर्षं कन्नडात 'स्वल्प' आणि 'सरी सरी', म्हणजे बरं बरं, करण्यात गेल्यावर रस्त्यावर अशी खणखणीत मराठी ऐकू आली की काय होतं, ते परमुलखात राहिलेल्यालाच कळेल. मी तिला खाली बोलावलं आणि चहा दिला.

तिशीची असेल. विधवा. अंगानं काटकी, पण हात असे की पंजा धरला तर सुटायचा नाही. सोलापूरच्या सीमेवरच्या एका गावची, घराणंच दगडफोडीचं. चार वर्षांपूर्वी मुकादमानं उचल दिली होती, म्हणजे आगाऊ पैसे, आणि तिच्यासकट गावातल्या बारा माणसांना या खाणीवर आणून सोडलं होतं. तिचा धाकटा भाऊ आणि भावजयही त्यांत. उचल फिटेपर्यंत काम करायचं असं ठरलं होतं. पण ज्वारी मालकाच्याच दुकानातून घ्यायची, तिचा भाव मालकच ठरवणार, मग ती फिटते कशाला? चार वर्षांत कुणी गावाला गेलं नव्हतं. तिची आई गेल्याची तार आली, तेव्हा या भावाला, एकुलत्या एका मुलालाही मालकानं अग्नी द्यायला सोडलं नव्हतं. कन्नडात याला जीत म्हणतात, माणसाला वेठीला बांधून ठेवणं.

"अगं मग पळून जा ना!" मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच चहा मागायला आले होते आणि ती मालकीण होती. "एक पळालं की बाकीच्यास्नी मारत्यात," ती म्हणाली, आणि कप विसळून ठेवून पाटी उचलायला गेली.

मी संतापले. त्या महिन्यात आमच्या बायकांची भिशी मला लागली होती. त्यातून सोफा यायचा होता. मी बायकांना गोष्ट सांगितली, दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणी शंभर घातले कुणी दोनशे, आणि आम्ही ठरवलं की या बाईला सोडवायचं. पैसे एकीपुरतेच होते. सोफ्याचं काय, जमिनीवर बसून कुणी मेलं नाही.

नवऱ्याच्या स्कूटरवर बसून आम्ही खाणीवर गेलो. मालक अगदी सभ्य माणूस. बसा म्हणाला, स्टीलच्या पेल्यात कॉफी आली, मुलं काय करतात याची चौकशी झाली. पैसे घेताना तर त्यानं हातसुद्धा जोडले. मी म्हटलं, "पावती?" तो हसला. "अम्मा, विश्वास नाही का आमच्यावर?" मी म्हटलं, "विश्वास आहे, पावतीही द्या." नवरा खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी पर्समधून स्टॅम्प काढला, चिकटवला, आणि त्याच्याकडून छापील कागदावर लिहून घेतलं की अमुक बाईच्या उचलीपोटी अमुक बाईंकडून इतके रुपये मिळाले, आज तिला कामावरून मोकळं केलं. वर सही, शिक्का. नवरा परतीच्या वाटेवर म्हणाला, "वस्तूचा नंबरही घालून घ्यायचास." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हा ते वाक्य मला लागलं नाही, ही माझी अक्कल.

ती बसनं संध्याकाळी घरी आली आणि दारातच माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. खरं सांगते, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं न सांगता भांडी घासली. मी म्हटलं, "अगं राहू दे." तिसऱ्या दिवशी म्हटलं नाही. चौथ्या दिवशी शेजारणीला सांगत होते की हात किती स्वच्छ आहे हो हिचा. हळदीकुंकवात तर मी माझी थोरवी गाता गाता थकत नव्हते. ती मात्र जेवताना मान वर करायची नाही. "भाऊ तिकडं काय खात असंल," एवढंच एकदा म्हणाली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वकीलबाई राहायच्या. कन्नड, एकट्या, सडेतोड, आणि असल्या मजुरांचेच खटले लढवणाऱ्या. जिन्यात त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही चूक केलीत."

नाकाला मिरच्याच झोंबल्या माझ्या. पण त्यांनी शांतपणे समजावलं. असली सगळी कर्जं कायद्यानं कधीच रद्द केली आहेत. जे देणंच नाही ते फेडणार काय? उलट ते घेणं हा मालकाचा गुन्हा. सोडवायचं ते प्रांतसाहेबांनी. तोच तिथला मॅजिस्ट्रेट, तो जागेवर येतो, जबान्या घेतो, आणि प्रत्येकाला सुटकेचा दाखला देतो. तो दाखला हातात असला की कुठल्याही मालकाचा बाप त्या माणसाला हात लावू शकत नाही. "तुमच्या पैशांत तो मालक उद्या तिच्या जागी दुसरी बाई आणेल," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पावती मागितली. वाचली, परत वाचली, आणि पहिल्यांदाच हसल्या. "हे मात्र तुम्ही सोन्यासारखं काम केलंत. हे मालक दर वेळी सांगतात की आमची माणसं मोकळीच आहेत, हवं तेव्हा जातात येतात. इथे त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय की पैसे घेऊन मोकळं केलं." बाकीच्या अकरा जणांसाठी अर्ज करायचं ठरलं. पण एक अडचण होतीच. प्रांत येतो, मालक बाजूला उभा असतो, आणि भीतीनं मजूरच सांगतात, आम्ही सुखात आहोत साहेब. वकीलबाईंचे दोन अर्ज याच पायी बुडाले होते. पहिला माणूस तोंड उघडेल तर बाकीचे उघडतात, आणि तो पहिला माणूसच मिळत नाही.

ती दाराशी बसून ऐकत होती. चार वर्षांत कन्नड तिला पुरेसं कळायला लागलं होतं. "म्या जाते परत," ती म्हणाली.

"कुठे?"

"खाणीवर. त्यो साहेब येईल तवा म्या तिथंच असले म्हंजी झालं."

मी भडकले. काय वाटेल ते बोलले तिला. आगीतून निघून परत आगीत जायचं? एवढा जीव टाकून सोडवलं ते यासाठी? प्रांत आलाच नाही तर? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी रागवा. पर माझी मान्सं आत हायती. म्या एकली भाईर राहून काय करू, तुमची भांडी घासू?" टोमणा मारायचा म्हणून ती हे बोललेली नव्हती, म्हणून तर जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मालकाला तिनं सांगितलं की त्या बाईच्या घरात करमत नाही, बाई चिकट आहे, भाकरी करू देत नाही, दोन्ही वेळ भात गिळायला लावते. मालक पोट धरून हसला म्हणे आणि घण हातात दिला. चिकट म्हणाल्याचं मला नंतर कळलं. चिकट! सोफा गेला माझा!

प्रांत पुढच्या गुरुवारी येणार होते. आले नाहीत, कुणा मंत्र्याचा दौरा निघाला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाहीत. मला जेवण गोड लागेना. पावती कपाटाच्या लॉकरमध्ये मंगळसूत्राशेजारी ठेवली होती, ती दिवसातून दोनदा उघडून बघायची. त्याच आठवड्यात साइटवर खडीची लॉरी आली आणि वर ती होती. डाव्या गालावर वळ. सोबत मालकाचा माणूस, म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पाटी रिकामी करायला माझ्या जवळून गेली तेव्हा एवढंच विचारलं, "कधी?"

मी म्हटलं, "माहीत नाही गं."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसरी पाटी भरायला गेली. अहो, त्या 'बरं'मध्ये ना रडणं ना रुसणं. गाडी उशिरा आहे म्हटल्यावर आपण म्हणतो ना, तसं बरं. मी विटांच्या ढिगामागे जाऊन ढसाढसा रडले. मेस्त्रीला वाटलं, खडीचं माप कमी भरलं.

तिसऱ्या गुरुवारी प्रांतांची जीप निघाली. मजुरांची भाषा मराठी, तेव्हा वकीलबाईंसोबत दुभाषी म्हणून मलाही घेतलं, आणि पावती मी त्यांच्याकडे दिली. मालक तसाच सभ्य. कॉफी तशीच. बारा जण खाणीच्या कडेला रांगेत उभे केले. पहिला एक म्हातारा. "सुखात हाय साहेब," तो जमिनीकडे बघत म्हणाला. मी ते कन्नडात सांगितलं. दुसरा, तिचा भाऊ. "सुखात हाय." सख्खा भाऊ!

तेवढ्यात ती रांगेतून पुढे आली. मला वाटलं, आता ही सगळी कहाणी सांगणार. तिनं प्रांतांकडे बघितलंसुद्धा नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मालकाकडे वळून, मोडक्यातोडक्या कन्नडात, रोज मागावी तशी रजा मागितली. "मालक, आईचं वर्षश्राद्ध आलंय. भावाला आज संध्याकाळच्या बसनं गावाकडं जाऊ द्या. चार दिवसांत येतोय."

मालकाच्या अंगात चार वर्षांची सवय. त्याची जीभ त्याच्या आधी धावली. "आणि उचल कोण फेडणार? तुझा बाप?"

प्रांतांनी हातातला पेला खाली ठेवला. वकीलबाईंनी पर्समधून माझी पावती काढून त्यांच्यापुढे धरली. आणि ती भावाला म्हणाली, "आता बोल की रं. त्यानंच सांगितलं, तू निस्तं हो म्हण." तो पोरासारखा रडायला लागला आणि आईपासून सुरू करून सगळं बोलला. मग म्हातारा बोलला. मग थांबवता थांबेनात. सांगता सांगता माझा घसा बसला. काय डोकं होतं त्या बाईचं! शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण तिनं एका वाक्यात मालकाला त्याच्याच तोंडानं साक्षीदार केलं.

चार दिवसांनी प्रांतांच्या कचेरीत सगळे जमलो. कारकुनानं एकेकाचं नाव पुकारलं, अंगठा घेतला, दाखला दिला. अकरा झाले आणि त्यानं फाइल बांधली. ती उभीच.

"हिचा?" मी विचारलं.

प्रांत भले गृहस्थ होते. त्यांनी पावती दाखवली. हिच्यापोटी पैसे भरलेले आहेत, मालकानं मोकळं केलं असं लिहिलंय, त्यानंतर ही आपल्या पायानं परत आली. म्हणजे कायद्यानं ही वेठीची मजूर नव्हतीच. जी आधीच सुटली तिला सुटकेचा दाखला कसा देणार?

मी तिला मराठीत सांगितलं. सांगताना माझी मान खाली गेली. अकरांना जिनं सोडवलं, तीच कोरडी, आणि तेही माझ्या पावतीमुळे! ज्या पावतीचा मी तोरा मिरवत होते तिच्यामुळे!

तिनं विचारलं, "त्या कागदावर नाव कुनाचं हाय? पैसं कुनी दिलं म्हनून?"

"माझं," मी म्हटलं.

"मंग साहेबास्नी इचारा. पैसं दिऊन मानूस सुटत आसंल, तर मंग म्या मालकाची न्हाई, ह्या बाईंची झाले. उद्या गावात कुनी आलं तर म्या काय दावू? बाईंच्या नावाची पावती? मला ह्या बाईंकडनं सुटल्याचा कागद द्या."

दुभाषी मी. दुसरं कुणी नव्हतं. ते वाक्य मला माझ्या तोंडानं, माझ्या कन्नडात, भरल्या कचेरीत प्रांतांना सांगावं लागलं. एक शब्द बदलावा असा मोह झाला का? झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. हिच्यासाठी मी काय काय केलं, आणि ही मला त्या खाणवाल्याच्या ओळीत बसवते? पण तोंड उघडलं तेव्हा मला चौथ्या दिवसाची भांडी आठवली. किती स्वच्छ हात आहे हो हिचा. मी जसंच्या तसं सांगितलं.

मग वकीलबाई उठल्या. म्हणाल्या, जे कर्ज कायद्यानं उरलंच नव्हतं, ते फेडून कुणी सुटत नाही. हे पैसे बेकायदा घेतले, म्हणून त्या पावतीनं काहीही झालं नाही. ही बाई त्या दिवशीही बांधलेली होती आणि परत गेली तेव्हाही. प्रांतांनी विचार केला आणि मला म्हणाले, तसं लेखी द्याल? म्हणजे मी लिहून द्यायचं की माझ्या पैशांनी ही बाई सुटली नाही. मी काहीही केलं नाही.

सोळा आणे सांगते, पेन घ्यायचं जिवावर आलं. सगळ्या भिशीला सांगून झालं होतं. हळदीकुंकवात गाऊन झालं होतं. मग मी पेन घेतलं आणि लिहिलं, या बाईला मी सोडवलेलं नाही. खाली सही केली. इतक्या वर्षांत हजारो सह्या केल्या, पण एवढी खरी एकही नाही.

कारकुनानं फाइलची दोरी सोडली आणि बारावा दाखला लिहिला. त्यावर तिचं नाव होतं, तिच्या बापाचं होतं, गावाचं होतं. माझं कुठंच नव्हतं. तिनं शाईचा अंगठा उठवला, कागद वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि घडी न करता दोन्ही हातांनी धरून बाहेर आली.

पावती फाइलीत गेली ती गेली. पैसेही गेले. मालकावर खटला चालला, पण माझ्या सोफ्याचं कुणी नाव काढलं नाही. भिशीतल्या बायका अजून चिडवतात.

देवनहळ्ळीच्या बसस्टँडवर ते बारा जण गावाच्या गाडीची वाट बघत होते. मी म्हटलं, "दोन दिवस घरी चल ना." मला वाटलं, रागावली असेल. ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदा मला अक्का म्हणाली. "यीन की अक्का. पर आता पावनी म्हनून यीन. भांडी घासायची न्हाई."

आणि आली. पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर, भावाला घेऊन, सोबत ज्वारीचं पीठ बांधून, कारण माझ्या घरातल्या भातावर तिचा विश्वास नव्हता. नव्या घरात सोफा नव्हताच, तेव्हा आम्ही दोघी सतरंजीवर बसलो. चहा झाला. तिनं कप खाली ठेवला आणि उठली नाही, तशीच गप्पा मारत बसली. कप मी विसळले.